लार्जमाऊथ बाससाठी रॉड, रीळ, दोर आणि आमिषे : काय घ्यावे आणि कसे जपावे?

सोलापूरकर_डॅलस

नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला लुईसव्हिल, ग्रेपव्हाइन आणि रे रॉबर्ट्स ही मोठी तळी आमच्या घरापासून सहज जाता येण्यासारख्या अंतरावर आहेत. मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा तिथे काठावरून लार्जमाऊथ बास हा मोठ्या तोंडाचा गोड्या पाण्यातला मासा पकडायला जातो. आतापर्यंत शेजाऱ्यांनी दिलेल्या जुन्या साहित्यावर भागले. आता दोघांसाठी स्वतःचे घ्यायचे आहे. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, त्यामुळे तो खर्च फक्त माझाच आहे आणि उरलेले पैसे साहित्यावर नीट विचार करून घालावेत असे वाटते.

दुकानात गेले की भिंतभर रॉड आणि त्यांवरची ‘मीडियम’, ‘मीडियम हेवी’, ‘फास्ट’ अशी अक्षरे दिसतात, विक्रेता प्रत्येक आमिषासाठी वेगळा रॉड सुचवतो आणि निर्णय होत नाही. माणशी साधारण दीडशे डॉलरमध्ये एकच संच घ्यायचा असेल तर तो कोणता घ्यावा? स्पिनिंग रीळ (ज्यात दोर गुंडाळलेली चकरी, म्हणजे स्पूल, फेकताना स्थिर राहतो) घ्यावे की बेटकास्टर (ज्यात तो स्वतः फिरतो)? आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात हे सगळे गॅरेजमध्ये ठेवले तर टिकते का? ज्यांनी ही साधने दीर्घकाळ वापरली आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोयनाकाठ

दादा, चांगला विषय काढलात. मी पूर्व टेक्सासात, लेक फोर्क या तळ्यापासून जवळ राहतो, त्यामुळे तिथल्या पाण्याच्या आधारे लिहितो.

बहुतेक जण आधी रॉड घेतात आणि दोर सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत, मिळेल तो घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. ज्या पाण्यात गळ टाकायचा तिथे तळाला गवत आहे, बुडालेली झाडे आहेत, खडक आहेत की नुसता चिखल आहे यावर दोर ठरतो. दोर आणि आमिषाचे वजन ठरले की रीळ आणि रॉड आपोआप ठरतात. मासा आणि आपण यांच्यामध्ये शेवटी तो दोर आणि ती एक गाठच असते.

नायलॉनचा एकपदरी दोर स्वस्त, हाताळायला सोपा आणि ताणला जाणारा असतो. हा ताण पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या आमिषांना आणि क्रँकबेटला (माशाच्या आकाराच्या, ओढल्यावर थरथरणाऱ्या कडक आमिषाला) उपयोगी पडतो, कारण मासा झेप घेतो त्या क्षणी तिकाटी (तीन टोकांचा) गळ त्याच्या तोंडातून हिसकला जात नाही. मात्र नायलॉन पाणी शोषतो आणि उन्हाने कमजोर होतो, म्हणून तो दर हंगामात बदलावा लागतो. फ्लुरोकार्बन पाण्यात बुडतो, त्याचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळचा असल्याने तो कमी दिसतो आणि घासण्याला बराच टिकतो. पण तो ताठ असतो, आणि दहा पौंडांच्या (म्हणजे तेवढी ओढ पेलणाऱ्या) वरचा फ्लुरोकार्बन स्पिनिंग रिळावर घातला तर वेटोळी उसळून बाहेर येतात. विणलेला दोर, म्हणजे ब्रेड, अजिबात ताणला जात नाही आणि त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा फार बारीक असतो, त्यामुळे लांब फेक होते आणि माशाने आमिषाला नुसते नाक लावले तरी हाताला कळते. गवत कापून बाहेर येण्यासाठी त्याच्यासारखा दुसरा दोर नाही. खडकाच्या धारेवर मात्र तो पटकन तुटतो.

तुमच्या तिन्ही तळ्यांवर काठावरून जायचे असेल तर सात फुटी, मीडियम, फास्ट टोकाचा स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० आकाराचे रीळ, त्यावर पंधरा पौंडांचा ब्रेड आणि पुढे साधारण सहा फूट दहा पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे आमिषाच्या बाजूला जोडलेला वेगळा तुकडा, घ्या. दीडशे डॉलरमध्ये हे व्यवस्थित बसते आणि दोर, गळ यांसाठी पैसे उरतातही.

शांतगळ

कोयनाकाठ यांचे दोराविषयीचे म्हणणे मान्य आहे, परंतु रिळाविषयी माझा मतभेद आहे. मी जॉर्जियात राहतो आणि मुलांना शिकवताना चौदाव्या वर्षी थेट बेटकास्टर हातात द्यावा या मताचा आहे. त्या वयात अंगठ्याला सवय लवकर लागते. बासच्या तोंडातली हाडे कठीण असतात, झाडाझुडपातून त्याला ओढून काढावे लागते आणि त्यासाठी मीडियम हेवी रॉड आणि पंधरा-वीस पौंडांचा दोर पेलणारे रीळ हवे. ते काम बेटकास्टर अधिक चांगले करते. आमिष बोटभर जागेत नेमके टाकता येते, हा फायदा वेगळाच.

दोराचा गुंता होतो ही भीती खरी आहे, पण त्यामागचे कारण समजले की ती उरत नाही. फेकलेले आमिष हवेत मंदावते आणि स्पूल मात्र त्याच वेगाने फिरत राहतो, म्हणून दोर रिळातच साचतो. घरीच अंगणात रॉड आडवा धरून बटण दाबावे आणि आमिष सावकाश खाली येईल, जमिनीला टेकताक्षणी स्पूल थांबेल, इतका बाजूचा ताण-स्क्रू आवळावा. चुंबकी ब्रेक सुरुवातीला जवळजवळ पूर्ण लावून ठेवावा आणि हात बसत जाईल तसा एकेक अंशाने सोडत जावे. आमिष पाण्याला लागण्याच्या क्षणी अंगठ्याने स्पूल थांबवायचा, एवढा एक नियम पाळला आणि वाऱ्याच्या तोंडावर फेकले नाही तर मुले काही दिवसांत व्यवस्थित फेकू लागतात.

अनघा_मिशिगन

शांतगळ, तुमचे म्हणणे नावेतून मासेमारी करणाऱ्यासाठी योग्य आहे, परंतु प्रश्न काठावरून मासे पकडणाऱ्या बापलेकांचा आहे. काठावर मागे झाडे असतात, वारा समोरून येतो आणि ज्या दिवशी मासे मंद असतात त्या दिवशी पाव औंसाहून हलकी आमिषेच चालतात. बेटकास्टर साधारण तीन अष्टमांश औंसाच्या पुढे खुलतो. त्याखालचे वजन फेकायला बरेच महागडे रीळ लागते. पहिला संच स्पिनिंगचाच असावा.

आमच्याकडे लेक सेंट क्लेअरचे पाणी बहुतेक वेळा इतके नितळ असते की बराच खोल तळ दिसतो, आणि तिथले स्मॉलमाऊथ बास जाड दोराकडे पाठ फिरवतात. तिथे आठ पौंडांचा लीडर आणि हलके ड्रॉप शॉट (वजन गळाच्या खाली बांधण्याची रीत) यांशिवाय काम होत नाही. तात्पर्य, पाणी जेवढे स्वच्छ तेवढा दोर बारीक आणि आमिषाचा रंग नैसर्गिक. पाणी गढूळ असेल तर काळा-निळा किंवा भडक पिवळसर हिरवा रंग आणि थरथर निर्माण करणारे पाते.

स्पिनिंग घेतल्यास दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावाव्यात. फेक झाल्यावर बेल (दोर स्पूलवर नेणारी तारेची कमान) हाताने बंद करावी, हँडल फिरवून नव्हे. त्यामुळे सैल दोराचे वेटोळे स्पूलवर बसत नाही आणि दोराला पीळ कमी पडतो. आणि स्पूल काठोकाठ भरू नये, कडेपासून साधारण एक अष्टमांश इंच मोकळा ठेवावा.

नवशिका

‘फास्ट’ याचा अर्थ रीळ वेगाने फिरते असा आहे का? क्षमस्व, पण दुकानातल्या माणसाने हे नीट सांगितले नाही.

कोयनाकाठ

नाही. तो रॉडचा गुण आहे. फास्ट रॉड फक्त टोकाच्या भागात वाकतो, मॉडरेट रॉड जवळजवळ मध्यापर्यंत वाकतो. ‘मीडियम’ आणि ‘हेवी’ हे शब्द वाकण्यासाठी किती जोर लागतो ते सांगतात. एकच गळ असलेले आमिष, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा गांडुळासारखा वर्म किंवा जिग (डोक्याशी वजन असलेला गळ), वापरताना गळ झटक्यात रुतवायचा असतो, म्हणून फास्ट हवा. तिकाटी गळांच्या क्रँकबेटला मॉडरेट बरा, कारण त्या गळांची टोके बारीक असतात आणि कडक रॉडने ती माशाच्या ओठातून फाटून निघतात. रिळाचा वेग गिअरच्या प्रमाणावर ठरतो : ५ : १ च्या आसपासचे रीळ क्रँकबेटला, ७ : १ चे जिगला आणि त्यामधले सर्व कामांना चालते.

रेवसकर

मी अलिबाग तालुक्यात राहतो आणि खाडीत जिताड्याची गरी टाकतो. जिताड्यालाही इंग्रजीत बासच म्हणतात, जरी तो तुमच्या गोड्या पाण्यातल्या बासच्या कुळातला नाही. आडोशाला दबा धरून झेप घ्यायची त्याची रीत मात्र अगदी तुम्ही सांगता तशीच आहे, म्हणून हा धागा आवडीने वाचतो आहे.

आमच्याकडे बरेच जण अजून नुसते तंगूस (नायलॉनचा दोर) हातात धरून मासेमारी करतात. रॉड-रीळ वापरणाऱ्यांना मात्र लीडर जाडच ठेवावा लागतो, कारण जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि मासा डोके हलवू लागला की बारीक दोर तिथेच कापला जातो. तुमच्या बासला तसे काही आहे का? आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोर सुटू देणारा रिळाचा ब्रेक, किती ठेवता? आमच्या खाडीत ड्रॅग जास्त आवळला की पहिल्याच धावेत दोर तुटतो आणि सैल ठेवला तर मासा खारफुटीच्या मुळांत शिरतो.

शांतगळ

रेवसकर काका, लार्जमाऊथच्या कल्ल्याला तशी धार नसते आणि दात सँडपेपरसारखे खरखरीत असतात, त्यामुळे दोर कापला जात नाही, पण घासला जातो. त्यासाठी दोन-तीन मासे पकडल्यावर शेवटचा हातभर दोर बोटांच्या चिमटीतून ओढून पाहावा; जरा जरी खरखर लागली तरी तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारावी. ड्रॅगसाठी माशाचे वजन करण्याचा छोटा काटा दोराला अडकवून ओढावा आणि दोराच्या किंवा लीडरच्या, जो कमजोर असेल त्याच्या, ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर दोर सुटू लागेल असा ड्रॅग लावावा. दहा पौंडी लीडरला अडीच ते तीन पौंड. गवतात जाड ब्रेड असेल तर मात्र आम्ही तो जवळजवळ पूर्ण आवळतो, कारण तिथे माशाला धावू देणे म्हणजे तो गमावणे.

बिवाकाठ

मी जपानमध्ये शिगा प्रांतात, बिवा सरोवराजवळ नोकरीनिमित्त राहतो. लार्जमाऊथ जपानात १९२५ साली आशी सरोवरात आणला गेला आणि पुढे देशभर पसरला. आज तो कायद्याने परकीय उपद्रवी प्रजाती आहे; जिवंत बास एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे हा गुन्हा आहे आणि शिगा प्रांतात पकडलेला बास पाण्यात परत सोडण्यास मनाई आहे. काठावर त्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात. त्यामुळे हौशी मच्छीमार पकडून सोडण्याविषयी इथे बोलतात तेव्हा त्यांचा नियम अमेरिकेच्या अगदी उलट असतो, हे तिकडच्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

साहित्याबद्दल एक निरीक्षण. बासचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा आहे आणि तो दोघांच्या नावावर आहे : जॉर्ज पेरी यांनी जॉर्जियात १९३२ साली पकडलेला मासा, आणि मानाबू कुरिता यांनी २००९ साली याच बिवा सरोवरात पकडलेला. कुरिता यांचा मासा किंचित जड होता, पण विक्रम मोडायला नियमाप्रमाणे किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून बरोबरी धरली गेली. पेरी यांनी मासा पकडला तेव्हा नायलॉन जगाला माहीतही नव्हते. तो जाहीर झाला १९३८ साली. महागडा फ्लुरोकार्बन नसेल तर मोठा मासा लागत नाही असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मिनेटोंका_मराठी

बिवाकाठ, एका विक्रमावरून साहित्याला महत्त्व नाही असा निष्कर्ष काढता येणार नाही. कुरिता यांनी तर जिवंत ब्लूगिल हा छोटा मासा आमिष म्हणून वापरला होता. ज्या तळ्यात दर शनिवार-रविवारी नावांची रांग लागते तिथला बास अनेक आमिषे पाहून चुकलेला असतो आणि तिथे दोराच्या जाडीचा फरक स्पष्ट जाणवतो.

मिनेसोटात साहित्य जपण्याचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. आमच्या तळ्यांत झेब्रा शिंपले पसरले आहेत आणि त्यांची कड वस्तऱ्यासारखी चालते. तळाशी घासणारा ब्रेड तिथे टिकत नाही. लीडर लांब आणि जाड ठेवावा लागतो. टेक्सासातही २००९ मध्ये लेक टेक्सोमात हे शिंपले आढळले आणि नंतर इतर तळ्यांत गेले, म्हणून सोलापूरकर, हे तुम्हालाही लागू आहे. एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट, जाळी, दोरी, आमिषे यांवरचा चिखल आणि गवत काढून सगळे पूर्ण कोरडे करावे, बादलीतले पाणी तिथेच ओतून द्यावे. शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिले पाण्याच्या थेंबातून जातात. नाव असेल तर मिनेसोटात ती नेताना तळाचे बूच काढलेलेच हवे, असा कायदा आहे. मला हा केवळ दंडाचा विषय वाटत नाही. ज्या पाण्याने आपल्या मुलांना इतके दिले, ते आपल्याच बुटांमुळे बिघडू नये.

कोयनाकाठ

गॅरेजचा प्रश्न मागे राहिला होता, त्यावर लिहितो.

टेक्सासच्या उन्हाळ्यात बंद गॅरेज आणि त्याहून अधिक बंद मोटार ही साहित्याची सर्वांत वाईट जागा आहे. उष्णतेने मऊ प्लॅस्टिकचे वर्म वाकडे होतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांतले तेल बाहेर येते. हे तेलच त्यांना मऊ ठेवते आणि तेच कडक प्लॅस्टिकला विरघळवते; म्हणून मऊ वर्म कधीही क्रँकबेटच्या डब्यात ठेवू नयेत. मी असे डबे पाहिले आहेत ज्यांत वर्मच्या खालचा रंग उतरून तळाला चिकट खड्डा पडलेला होता. दोन वेगळ्या जातींचे मऊ प्लॅस्टिक एकत्र ठेवले तरी काहींचा लगदा होतो. प्रत्येक वर्म त्याच्या मूळ पाकिटात, सपाट, घरातल्या कपाटात ठेवावा. रॉडही घरातच, उभे किंवा आडवे पूर्ण आधारावर ठेवावेत. भिंतीला तिरके टेकवून ठेवल्यास वाकाचा कल राहू शकतो.

गळावर लावलेला वर्म तसाच ठेवून घरी येण्याची सवय सोडावी. पुष्कळ वर्ममध्ये मीठ असते आणि रात्रभरात गळाचे टोक तांबडे होते. गळ धारदार आहे का ते अंगठ्याच्या नखावर टोक हलकेच टेकवून तिरके सरकवावे : रुतले तर ठीक, घसरले तर बारीक कानसीने धार लावावी किंवा गळ टाकून द्यावा. ओली आमिषे डब्यात बंद करू नयेत. झाकण उघडे ठेवून रात्रभर वाळू द्यावीत.

रिळाला पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, कारण त्याने धूळ आत शिरते आणि वंगण धुऊन निघते. ओल्या फडक्याने पुसावे, बेअरिंगला तेलाचा एकच थेंब, गिअरला ग्रीस, आणि घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवावा, नाही तर आतले वॉशर दबून राहतात आणि पुढच्या वेळी दोर झटक्याझटक्याने सुटतो.

अनघा_मिशिगन

यात एक भर घालते. दोर सतत त्याच हाताच्या अंतरावर तुटत असेल तर दोराला दोष देण्याआधी रॉडवरच्या, दोर ज्यांतून जातो त्या कड्या तपासाव्यात. कडीच्या आत चिनी मातीसारखी रिंग असते आणि रॉड दाराला आपटला तरी तिला केसासारखी भेग जाते, जी डोळ्यांना दिसत नाही. कानात घालायच्या कापसाच्या काडीने आतून गोल फिरवून पाहावे. भेग असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात.

तुटलेल्या दोराचे टोकही बरेच सांगते. टोक डुकराच्या शेपटीसारखे पिळलेले असेल तर गाठ घसरून सुटली आहे. टोक सरळ आणि खडबडीत असेल तर दोर घासून तुटला आहे. पहिल्या वेळी गाठ बदलावी, दुसऱ्या वेळी दोर किंवा कडी.

नवशिका

मग गाठ कोणती मारावी? आणि शिसे वापरावे की टंग्स्टन? टंग्स्टन इतके महाग का असते?

शांतगळ

गळाला पालोमर गाठ पुरे. दोर वितीएवढा दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढा, त्या दुहेरी दोराची सैल साधी गाठ मारा, उरलेल्या फासातून संपूर्ण गळ ओवून घ्या, गाठ जिभेने ओली करा आणि मग दोन्ही टोके हळूहळू ओढा. कोरडी गाठ ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरोकार्बन पांढुरका होतो आणि तिथेच तुटतो. ब्रेड आणि लीडर जोडायला दुहेरी युनी गाठ शिकायला सोपी आहे. एफजी गाठ अधिक सडपातळ आणि कड्यांतून सहज जाणारी, पण ती थंडीवाऱ्यात काठावर उभे राहून मारणे कठीण जाते.

टंग्स्टन शिशापेक्षा बरेच घन असल्याने त्याच वजनाचा गोळा लहान असतो, गवतातून सरळ खाली जातो आणि कठीण असल्याने तळाला दगड आहे की चिखल हे हाताला नीट कळते. न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत लहान शिसे बंदही आहे, कारण लून पक्षी ते गिळून मरतात. तुमच्या राज्यात बंदी असो वा नसो, तुटलेला दोर मात्र काठावर टाकू नये. तो बगळ्यांच्या आणि कासवांच्या पायांत अडकतो. कित्येक धक्क्यांवर त्यासाठी पीव्हीसी नळीच्या पेट्या असतात, त्यांत टाकावा.

रेवसकर

शेवटचा मुद्दा आमच्या खाडीकाठी रंगवून लावायला हवा. फेकलेल्या तंगुसात अडकलेले बगळे मी स्वतः सोडवले आहेत.

सोलापूरकर_डॅलस

सर्वांचे मनापासून आभार. बरीच चर्चा झाल्यावर आम्ही दोघांसाठी दोन स्पिनिंग संच घ्यायचे ठरवले आहे : सात फुटी मीडियम फास्ट रॉड, पंधरा पौंडी ब्रेड आणि दहा पौंडी लीडर. मुलाची बेटकास्टर शिकण्याची इच्छा आहे, म्हणून तो पुढच्या वर्षी घेऊ आणि शांतगळ यांनी सांगितल्याप्रमाणे अंगणात सराव करू. आमिषांमध्ये टेक्सास रिगसाठी (गळाचे टोक वर्ममध्ये लपवण्याची रीत) वर्म, वॅकी रिगसाठी (वर्मच्या मध्यावर गळ अडकवण्याची रीत) पाच इंची स्टिक वर्म, एक स्पिनरबेट (फिरत्या पात्याचे आमिष) आणि एक पृष्ठभागावर चालणारे आमिष एवढेच घेतो. सगळे घरातल्या कपाटात राहील, अशी परवानगी मिळवली आहे. हिवाळा संपता संपता लेक फोर्कला एका मित्राच्या नावेतून जाण्याचा बेत आहे. त्यासाठी आणखी काही लागेल का?

कोयनाकाठ

यादी योग्य आहे. वर्मसाठी ३/० आकाराचे रुंद वाकाचे ऑफसेट गळ आणि वॅकीसाठी १/० घ्या. टेक्सास रिगमध्ये गळाचे टोक वर्मच्या कातडीत नुसते लपवायचे, म्हणजे गवतात अडकत नाही. लेक फोर्कमध्ये पाण्यात उभी झाडे आहेत, तिथे दहा पौंडी लीडर कमी पडेल. मित्राकडे जाड दोराचा संच असेल तर झाडांपाशी तोच वापरा आणि तुमचा संच मोकळ्या पाण्यात. लांब चिमट्याची पक्कड, रबरी जाळी आणि मोजपट्टी विसरू नका. टेक्सासात इतरत्र सर्वसाधारणपणे चौदा इंचांहून मोठे पाच बास ठेवता येतात, पण लेक फोर्कमध्ये सोळा ते चोवीस इंचांमधला प्रत्येक बास सोडावाच लागतो आणि चोवीस इंचांचा किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच ठेवता येतो. म्हणून मोजपट्टी पिशवीत तळाशी न ठेवता हाताशी ठेवा, आधी ओली करा आणि मोठ्या माशाला नुसत्या ओठाने लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. निघायच्या आदल्या दिवशी त्या वर्षीचे नियम टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.